अनुभवाची अट नाही

सोमवारी सकाळी पावणेदहाला प्रशिक्षण केंद्राच्या कोपऱ्यावर वळताच पूलबाईंच्या हातातली किल्ली खाली पडली. केंद्राच्या दारापासून थेट सायकलवाल्याच्या टपरीपर्यंत माणसांची रांग लागली होती.

पूलबाई म्हणजे केंद्राच्या समन्वयक. केंद्र सरकारी पैशावर चालायचं. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला वस्ती, "मधला पूल आपण बांधायचा," हे त्या दर भाषणात इतक्यांदा म्हणत, की त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. पुलावरून अजून कोणी फारसं गेलं नव्हतं हा भाग वेगळा. मागच्या खेपेला चाळीस जागांसाठी चार जण आले, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला. या वेळी निम्म्या तरी जागा भरा, नाहीतर केंद्राला कुलूप लावा, असं वरून आलेल्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. आणि जागा भरल्या की नाही हे बघायला आजच बारा वाजता वरचे साहेब येणार होते.

पूलबाईंनी रांग मोजली. अडतीस! त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी परत मोजली. अडतीसच.

दार उघडून त्या टेबलापाशी बसल्या आणि पहिल्या बाईंना बोलावलं. या पन्नाशीच्या होत्या, आणि मागचे सगळे त्यांना मावशी म्हणत होते.

"बसा मावशी. पुठ्ठ्याची खोकी करायचं काम कधी जवळून बघितलंय का?"

"बघितलंय की. अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं नुसतं बघताय?"

"बघत कशाला बसू? करतेय. खोक्यांच्या कारखान्यात."

पूलबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. ज्या कारखान्यासाठी हे प्रशिक्षण होतं तो खोक्यांचाच होता, आणि गावात खोक्यांचा दुसरा कारखाना नव्हता.

"आणि तुम्ही?" त्यांनी मागच्या उंच माणसाला विचारलं.

"मी कटिंगला. नऊ वर्षं."

"मी डिंकाच्या मशीनवर."

"मी गेटवर," शेवटून आवाज आला. "वॉचमन."

पूलबाई काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. कारखान्याचा मॅनेजर होता, आणि त्याची बोबडी वळली होती.

"मॅडम, आज एकही माणूस कामावर आला नाही हो! गेट मी स्वतः उघडलं. वस्तीत साथबीथ आलीय का?"

"नाही, सगळे ठणठणीत आहेत."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्यासमोर उभे आहेत," पूलबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला, कारण पलीकडून काही ऐकूच येईना.

मावशींनी पदराच्या गाठीतून घडी घातलेलं पत्रक काढून टेबलावर पसरलं. पत्रक पूलबाईंनीच लिहिलं होतं. कारखान्याशी झालेल्या कराराची कलमं त्यांनी हौसेनं सोप्या भाषेत उतरवली होती. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला नेमणुकीचं पत्र. आठ तास काम. रविवारी सुट्टी. वर्षाला पंधरा दिवस भरपगारी रजा. बसायला पाठ टेकायची खुर्ची.

"हे खरंय का बाई?" मावशींनी विचारलं.

"मालकांनी सही केलीय."

"मग आम्हाला शिकवा. आम्हाला कागद नाही, रविवार नाही, आणि स्टूल आहे ते दोघींत एक. मी दुपारपर्यंत बसते, ही दुपारनंतर."

"पण मावशी, हे नवशिक्यांसाठी आहे!"

"तसं कुठे लिहिलंय?"

पूलबाईंनी पत्रक ओढून घेतलं. वरून आलेल्या सूचनेत 'अनुभव नसावा, ही अट' असं होतं. ते फार रुक्ष वाटलं म्हणून त्यांनी जरा गोड करून लिहिलं होतं: 'अनुभवाची अट नाही.' दोनशे प्रती छापून घरोघर वाटल्या होत्या.

दहा मिनिटांत मालक येऊन धडकले. चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. मागे मॅनेजर. रांग बघून मालकांनी आधी दाराची चौकट धरली आणि मग बोलले.

"अरे, माझीच माणसं माझ्याच कारखान्यात नोकरी मागतायत? तुम्हाला काम येतंय ना? मग प्रशिक्षण कशाला?"

"अकरा वर्षं स्टुलावर बसून केलं मालक," मावशी म्हणाल्या. "खुर्चीवर बसून कसं करतात ते शिकायचंय."

रांगेत खसखस पिकली. मालक पूलबाईंकडे वळले. "खुर्ची? कसली खुर्ची?"

"करारात आहे. कलम सहा."

"मी कुठे वाचलं कलम सहा! तुम्ही म्हणालात सही करा, सरकार नवीन मशीन देतंय, मी केली!"

"आता मोडता येणार नाही का करार?" मॅनेजरनं हळूच विचारलं.

"येईल की. मशीन परत जाईल," पूलबाई म्हणाल्या.

मालक मटकन खाली बसले. मशीन परत दिलं तर नवीन ऑर्डर हातची जाणार. आणि प्रशिक्षण होऊ दिलं तर तीन महिने कारखान्यात फक्त ते, मॅनेजर आणि एक मांजर.

त्यांना उठवायला पूलबाई पुढे होतायत तोच दारात गाडी थांबली. साहेब तासभर आधीच आले होते. आजवर सतरा केंद्रांत त्यांनी रिकाम्या खुर्च्या तपासल्या होत्या. भरलेलं केंद्र बघून ते उंबरठ्यावरच थबकले, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग कोणी काही सांगायच्या आत त्यांनी फोटो काढून वर पाठवूनही दिला.

"बाई, हे तुम्ही केलंत कसं?"

पूलबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांच्या फोनवर वरून उत्तर आलं होतं: 'आदर्श केंद्र. अभिनंदन.' तोंड आपोआप मिटलं.

साहेब कौतुकानं, शिकवण्यासाठी आधी केंद्रातच आणून ठेवलेल्या नवीन मशीनपाशी गेले. "ताई, जरा हात लावून बघता का? घाबरू नका. चुकलं तरी चालेल."

मावशी उठल्या. पुठ्ठा आत, कड दाबली, डिंक, घडी, ठप्प. खोकं तयार. साहेबांकडे बघत बघतच त्यांनी दुसरं केलं, मग तिसरं. चौथं साहेबांच्या हातात ठेवलं.

साहेबांनी आ वासला. "यांना... यांना कधीपासून शिकवताय?"

"सकाळी दहापासून," पूलबाईंच्या तोंडून निघून गेलं. ते तसं खोटंही नव्हतं.

"एका तासात?"

खाली बसलेले मालक ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नियमात रस वाटत होता. "साहेब, एखादा लवकर शिकला तर परीक्षा लवकर घेता येते का हो?"

साहेबांनी पुस्तिका चाळली. येत होती. कलम चौदा. आजवर कोणी ते वापरलं नव्हतं, एवढंच.

परीक्षा तिथेच सुरू झाली. कटिंगवाल्यानं पट्टी न लावता सरळ रेघेत पुठ्ठा कापला तेव्हा साहेबांच्या हातातून पेन सुटलं. वॉचमननं गेट कसं उघडायचं यावर तोंडी उत्तर दिलं आणि पूर्ण गुण मिळवले. दुपारी तीनपर्यंत नव्वद दिवसांचा अभ्यासक्रम अडतीस जणांनी पुरा केला होता, आणि मालक कपाळाचा घाम पुसत नेमणुकीच्या पत्रांवर सह्या करत होते.

"संपली?" अडतिसावी सही करून त्यांनी विचारलं.

"एक राहिली," असं म्हणत मॅनेजरनं स्वतःचा भरलेला अर्ज पुढे केला.

"तू पण? अरे, तू मॅनेजर आहेस!"

"तोंडी आहे मालक. कागदावर कुठेच नाही."

मालकांनी पेन परत उघडलं आणि सही केली.

मंडळी गेली. उद्या सकाळी कारखाना सुरू होणार होता, आणि मालक खुर्च्यांची चौकशी करायला निघाले होते. पूलबाई फायली आवरू लागल्या तेव्हा साहेब दार लोटून परत आत आले. दाराला कडी लावली.

"बाई, खरं सांगा. ही माणसं आधीपासून तिथेच कामाला होती ना?"

पूलबाईंनी मान खाली घातली. "हो."

साहेबांनी पत्रक उचलून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि रविवारच्या ओळीवर बोट ठेवून तसेच उभे राहिले.

"मी नऊ वर्षं हंगामी आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दर सहा महिन्यांनी मुदत वाढवतात. चाळीस अर्ज छापले होते ना तुम्ही? एखादा उरलाय का?"

पूलबाईंनी टेबलाचा खण उघडला. आत एकच अर्ज होता. त्यांनी तो बाहेर काढला, पण साहेबांच्या हातात देईनात. साहेबांनी वाकून बघितलं. अर्ज भरलेला होता. सुवाच्य अक्षरात, खाली सहीसकट, पूलबाईंच्या नावानं.

"मला अकरा महिन्यांचा करार असतो," त्या म्हणाल्या. "हा सातवा करार चाललाय."

"इथे जवळपास झेरॉक्स कुठे मिळते?" साहेबांनी विचारलं.