काचेला हात लावायचा न्हाई

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची नखं तपासणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या सिस्टर.

सुलोचना गायकवाड हे त्यांचं नाव, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी न्हावऱ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर यायचे, बदली करून घ्यायचे आणि जायचे. सिस्टर होत्या तिथंच होत्या. दवाखान्यामागच्या खोलीत एकट्या राहायच्या. बुद्धपौर्णिमेला त्यांची खीर आमच्या घरी यायची, आणि खीर कशी झाली हे विचारायला त्या पाठोपाठ स्वतः यायच्या.

उंची बेताची, आवाज खणखणीत, आणि चाल अशी की रस्त्यात बसलेली गुरं उठून बाजूला व्हायची. 'आधी तपासू, मग बोलू' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाळंतीण असो, बाजारातली मेथी असो, नाहीतर गावातली भानगड असो, आधी तपासणी. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मुलीचा फोटो मागून घेतला, खिडकीपाशी नेला आणि डोळ्यांखाली निरखून म्हणाल्या, "रक्त कमी हाय. पालेभाजी खाऊ घाला. बाकी पोरगी बरी हाय." फोटो काळा-पांढरा होता.

त्यांच्या डाव्या मनगटावर एक जुनं, जाडजूड, पुरुषी घड्याळ असायचं. त्याची काच इतकी ओरखडलेली, की वेळ बघायची तर मनगट उजेडाकडे तीन-चारदा फिरवावं लागे. त्याच काचेवर, सहाच्या आकड्याच्या जागी, तेलरंगाचा एक लाल ठिपका. "काच तेवढी बदला की," असं दवाखान्यात येणारा प्रत्येकजण एकदा तरी म्हणायचा. सिस्टर उत्तर द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्याचं इंजेक्शन जरा जास्त दुखायचं, असा गावात समज होता.

नाडी मोजायला त्यांना हेच घड्याळ लागे. एकदा सरपंच आबा चक्कर आली म्हणून दवाखान्यात आले. सिस्टरांनी त्यांचा हात धरला, मनगट उजेडाकडे केलं आणि मोजायला लागल्या. बराच वेळ गेला.

"सिस्टर, किती झाली?" आबांनी विचारलं.

"बोलू नका."

आणखी वेळ गेला. आबांच्या कपाळावर घाम आला. "आवं, लई येळ झाला की. काय वंगाळ हाय का?"

सिस्टरांचे ओठ हलत होते, पण त्यांच्याही चेहऱ्यावर आता काळजी दिसायला लागली. मी वाकून बघितलं. सेकंदकाटा जागच्या जागी उभा होता.

"सिस्टर, घड्याळ बंद पडलंय."

आबांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, मीच," ते म्हणाले, आणि औषध न घेताच घरी गेले.

रविवारी आम्ही शिरूरला गेलो. मला बरोबर घेण्याचं कारण त्यांनी सांगितलं, "पेशंटबरोबर एक नातेवाईक लागतो." बाजारपेठेतला घड्याळवाला तरुण होता. त्याने हात पुढे केला, तर सिस्टर म्हणाल्या, "आधी नखं दाखवा."

"काय?"

"नखं. आत बारीक चाकं हायेत. तुमच्या नखातला मळ त्यांच्यात जायचा."

त्याने नखं दाखवली नाहीत. तिथूनच घड्याळाकडे बघून म्हणाला, "मावशी, हे टाका आता. ह्याचे सुटे भाग मिळत नाहीत. नवं घ्या एखादं."

"तुमच्या घरी म्हातारं माणूस हाय का?"

"आजी हाय."

"आजारी पडली तर तिलाबी टाकून नवी आणणार का?" असं म्हणून त्या पायरी उतरल्यासुद्धा.

मग दौंड. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव; ज्यांची नोकरीच घड्याळावर चालते अशी माणसं तिथं राहतात, तेव्हा घड्याळाचा खरा जाणकार तिथंच असणार, असा सिस्टरांचा हिशेब. दोन एस.टी. बदलून आम्ही पोचलो. स्टेशनाजवळ रसूलभाईंचं दुकान होतं. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग, भिंतीवर घड्याळंच घड्याळं. सिस्टरांनी नखं मागितली, तसे रसूलभाई उठले, मागे जाऊन साबणाने हात धुऊन आले आणि दोन्ही पंजे पुढे धरले. "देखो बाई. लग्नातबी इतके धुतले नव्हते."

सिस्टर पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी घड्याळ काढून दिलं.

रसूलभाईंनी मागचं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं. "माल अस्सल हाय. आतल्या चाकाचा दांडा झिजलाय. मुंबईहून मागवावा लागेल. घड्याळ ठेवून जावं लागेल."

ठेवून जायचं म्हटल्यावर सिस्टरांनी स्टूल ओढून घेतलं. दवाखान्यात पेशंट भरती करताना नातेवाईक सांगतात, तशा सूचना सुरू झाल्या. ओलाव्यात ठेवू नका. वरून पाडू नका. दुसऱ्याच्या घड्याळाचं काही ह्याला लावू नका. आणि शेवटची, बोट वर करून, "काचेला हात लावायचा न्हाई. आतलं काय ते बघा."

"जी, बाई."

दांडा मुंबईहून यायला बरेच दिवस लागले. तोवर सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून नाडी मोजायच्या, पण मधेच सवयीनं मोकळं मनगट उजेडाकडे फिरवायच्या. चिडचिडही वाढली होती. शेवटी रसूलभाईंचं कार्ड आलं आणि पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा दौंडला गेलो.

रसूलभाई वाटच बघत होते. त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर घड्याळ ठेवलं आणि तो तुकडा दोन्ही हातांनी पुढे सरकवला. घड्याळ लखलखत होतं. काटे निळसर चमकत होते, आकडे काल छापल्यासारखे दिसत होते. काच आरशासारखी होती. कोरी.

"इतकं काम केलं आन् वर ती मळकी काच बरी दिसंना," रसूलभाई खुशीत म्हणाले. "लोक नको म्हणतात ते खर्चाला भिऊन. काच माझ्याकडून."

मी सिस्टरांकडे पाहिलं. आता ह्या माणसाची खैर नाही, असं मला वाटलं. पण सिस्टरांनी नव्या काचेवर, सहाच्या आकड्यापाशी, बोट फिरवलं.

"जुनी काच कुठं हाय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

रसूलभाईंचं हसू गेलं. त्यांनी पत्र्याचा डबा काउंटरवर उलटा केला. मोडके काटे, चाव्या, पट्ट्यांचे तुकडे. त्यातून काच निघाली, पण काढतानाच ती मधोमध तडकली होती. लाल ठिपक्याचा अर्धा भाग एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर. सिस्टरांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले आणि जोडून बघितले.

"माझी आई हितल्याच रेल्वेच्या बंगल्यांत भांडी घासायची," त्या म्हणाल्या. "विलायतेला निघालेल्या मडमेनं जाताना तिला साहेबाचं हे घड्याळ दिलं. मी तवा पुण्याला नर्सिंगला. दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायची. आईला घड्याळ कळायचं न्हाई. दौंडला तर दिवसभर गाड्या. त्यातली लेकीची कुठली? म्हणून मी काचेवर ठिपका दिला. म्हणलं, बारका काटा ठिपक्याखाली आला की स्टेशनावर ये."

त्या जराशा हसल्या. "पहिल्या शनिवारी ती सकाळी सहालाच जाऊन बसली. ठिपक्याला सकाळ-संध्याकाळ कुठं कळते? माझी गाडी आली तवा तिथंच बसलेली, तोंडात पाण्याचा घोट न्हाई. मला म्हणाली, तुझी गाडी लई लेट झाली गं."

रसूलभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. "बाई, माफ करा. लाल रंग हाय माझ्याकडं. त्याच जागेवर ठिपका देतो. बिलकूल तसाच."

सिस्टरांनी मान हलवली. "नको. आता ठिपका बघून येणारं कोण हाय?"

मग त्यांनी नाक पुसलं, घड्याळाला चावी दिली, ते कानाशी धरलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ठोके बरोबर हायेत. काम चांगलं केलंत, रसूलभाई." काचेचे तुकडे रुमालात बांधले आणि आम्ही निघालो. परतीच्या दोन्ही गाड्यांत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

न्हावऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कडेला एक बैलगाडी उभी होती. आम्हाला बघताच गाडीवरून एक तरुण शेतकरी उडी टाकून धावत आला.

"सिस्टर, कवाची वाट बघतुया तुमची. निमोण्यासनं आलोय. मंडळीला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात म्हनले, बाई दौंडला गेल्यात. डॉक्टर येतो म्हनले, पर मी निघतानाच तिनं बजावलं हुतं. म्हनली, सिस्टरच पायजेत. मग हितंच थांबलो."

सिस्टर एक क्षण त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कंपाउंडर, माझी बॅग आणा, पळा."

मी बॅग घेऊन आलो तोवर त्या गाडीत चढून बसल्या होत्या. तरुण बैलांना वळवत होता.

"कळा किती-किती येळानं येत्यात?" त्यांनी त्याला विचारलं.

"ते कसं सांगू, सिस्टर? मला घड्याळ कुठं कळतंय."

"न कळू दे," सिस्टर म्हणाल्या. गाडीखाली टांगलेल्या कंदिलाचा उजेड वर येत होता. त्यात त्यांनी मनगट धरलं आणि एकदाच बघितलं. "हाक जोरात. येळेत पोचतो आपण."