वीदाच्या कपाटांचा पक्का रंग

स्वयंपाकघरातली कपाटं रंगवायला काढली त्याला आता तिसरा आठवडा लागला होता आणि वीदा रोज सकाळी उठायची तीच चिडलेली. बशा बाथटबमध्ये, पातेली पलंगाखाली, आणि कपाटांची दारं उतरवून घरभर आडवी पसरलेली. कॉफी प्यायची तर वॉशिंग मशीनवर कप ठेवून, उभ्याउभ्या.

"रंग म्हणजे काय लग्न आहे, एका दिवसात उरकायला?" तिचा नवरा ग्वोझ्देन म्हणायचा आणि पुन्हा पॉलिश पेपर घेऊन बसायचा.

हे सगळं ओढवलं होतं नणंदेमुळे. गेल्या वर्षीच्या स्लावाला, घराण्याच्या संताच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ल्युबिंकानं वरच्या कपाटावरून बोट फिरवलं होतं आणि चारचौघांत विचारलं होतं, "वीदा, हा रंग मूळचाच पिवळा, की तुझ्या तळणाचा?" लोक हसले. वीदाही हसली. पण तो टोमणा तिच्या मनात वर्षभर सलत राहिला होता.

ती रंगारी बोलावणार होती. पण ग्वोझ्देननं किकिंदाच्या बस डेपोत उभा जन्म बसगाड्या रंगवण्यात घालवला होता. "घरात रंगारी असताना बाहेरचा आणू? शेण घालतील लोक माझ्या तोंडात," म्हणाला आणि कामाला लागला. आधी सोड्याच्या पाण्यानं धुणं. मग वाळवणं. मग घासणं. त्या घासण्याची भुकटी साखरेत गेली, पिठात गेली, वीदाच्या केसांत गेली. प्रत्येक फेरीनंतर तो डोळे मिटून लाकडावरून तळहात फिरवायचा.

"अरे, कपाट आहे ते, घोडं नाही थोपटायला!"

"तेलाचा अंश राहिला की रंग धरत नाही. किती वर्षांची तळणं मुरलीत यात, ठाऊक आहे?"

"पुन्हा तळण काढलंस? बहीण-भाऊ ठरवून आलायत का माझ्या मुळावर?"

अस्तराचा हात झाला, त्यावर दोन हात पांढऱ्या तेलरंगाचे झाले. स्लावाच्या आदल्या सकाळी दारं एकदाची जागेवर चढली. वीदानं सुस्कारा सोडला. तेवढ्यात ग्वोझ्देननं खिशातून बाटल्यांची बुचं काढली आणि एकेका दारात एकेक बूच अडकवून सगळी दारं बोटभर उघडी ठेवली.

"हे काय आता?"

"वरून वाळलाय, आतून मऊ आहे अजून. आठवडाभर दारं मिटायची नाहीत. हात लावू नकोस."

"आठवडाभर? अरे, उद्या स्लावा आहे!"

"स्लावा काय, दरवर्षी येते," असं म्हणून तो पिशवी घेऊन मांस आणायला बाजारात निघून गेला.

वीदा स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. सगळी कपाटं तिच्याकडे बघत तोंड वासून बसली होती. उद्या ल्युबिंका येणार, बुचं बघणार, आणि पुढचं वर्षभर साऱ्या गावाला बुचांची गोष्ट सांगणार! तिनं संतासाठी शिजवलेले अक्रोड घातलेले गहू, मेणबत्ती आणि लाल वाइन कोपऱ्यातल्या कपाटात ठेवली, पेले वरच्या दुसऱ्या कपाटात ठेवले, आणि एक दार लावलं. धाड! हे नणंदेसाठी. धाड! हे सोड्याच्या पाण्यासाठी. धाड! दरवर्षी येते म्हणे! बुचं टणाटण फरशीवर उडाली. दारं मिटल्यावर कपाटं अशी दिसायला लागली, की वीदाला क्षणभर आपण दुसऱ्याच्या घरात आलोय असं वाटलं.

ग्वोझ्देनला तिनं त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. "सणाचा पाव फुगायला ठेवलाय. वारा लागला तर तुझ्या नावानं बोंब मारीन," एवढं सांगितल्यावर तो बिचारा बाहेरच्या खोलीत डुलक्या काढत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोपऱ्यातलं दार ओढलं. दार ढिम्म. दोन्ही हातांनी ओढलं. मग खालच्या कपाटाला पाय लावून, दात-ओठ खाऊन ओढलं. दाराची मूठ उपटून हातात आली. दार होतं तिथंच.

"मदत करायला लवकर आले गं," दारातून आवाज आला. ल्युबिंका. तिची मदत म्हणजे झडतीच.

मागोमाग ग्वोझ्देन आला. त्यानं मिटलेली दारं पाहिली. टेबलाखाली पडलेलं बूच उचललं. मग वीदाकडे पाहिलं आणि बूच खिशात टाकलं.

"बोल ना!" वीदा ओरडली. "बोल एकदाचा! कशाची वाट बघतोयस?"

"त्याला काय बोलायचंय?" ल्युबिंका पुढं झाली. तिनं दोन-तीन दारं ओढून पाहिली. "चिकटलीत सगळी! ग्वोझ्देन, तुझ्या हातचं काम असंच. लहानपणी आईचं कुंपण रंगवलंस, तेव्हा कोंबड्या चिकटल्या होत्या."

"हं," ग्वोझ्देन हळूच म्हणाला. "माझंच चुकलं. घाई केली."

घाई! तीन आठवडे सोड्याच्या पाण्यात बुडालेला हा माणूस म्हणतो, घाई केली! त्यानं शिव्या दिल्या असत्या तर वीदानं दामदुप्पट परत केल्या असत्या. पण हा असला चांगुलपणा! तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"काही चुकलं नाही त्याचं!" तिनं हातातली मूठ टेबलावर आपटली. "दारं मी लावली! चांगली आपटून लावली! त्यानं नको म्हटलं होतं, तरी लावली. आणि तुझ्यामुळे लावली, ल्युबिंका! तुझ्या त्या बोटामुळे!"

"संताचा आशीर्वाद असो या घराला," दारात उभे असलेले फादर तादिया चाचरत म्हणाले. सणाच्या प्रार्थनेसाठी ते नेमके त्याच वेळी पोचले होते. "मी... थोड्या वेळानं येऊ का?"

"या, आत या," वीदा तशीच तणतणत म्हणाली. "संताचे गहू आत आहेत, मेणबत्ती आत आहे, वाइन आत आहे. बाहेर फक्त माणसं आहेत, आणि त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

फादरनी बाह्या वर सारल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी वीदाचा केस वाळवायचा ड्रायर कपाटाच्या फटीवर धरला आणि ग्वोझ्देननं मासेमारीची बारीक दोरी फटीत सारून करवतीसारखी पुढं-मागं ओढली. "सावकाश," फादर म्हणत होते. "सावकाशच," ग्वोझ्देन म्हणत होता. वीदा मुठी आवळून भिंतीला टेकली होती. शेवटी जखमेवरची पट्टी ओढावी तसा आवाज झाला आणि दार उघडलं. चौकटीच्या लाकडाची एक लांब ढलपी दाराबरोबर आली होती. रंग मात्र जसाच्या तसा. कुठे टवकासुद्धा नाही.

मेणबत्ती पेटली, प्रार्थना झाली, पाव कापला गेला. पेले अजून वरच अडकले होते, म्हणून वाइन कॉफीच्या कपांतून फिरली. पाहुणे यायला लागले.

ल्युबिंका मात्र कपाटापासून हलेना. तिनं बोट फिरवलं. नखानं खरवडलं. वीदाची नजर चुकवून किल्लीनंही खरवडून पाहिलं. मग एकदम पडलेल्या आवाजात म्हणाली, "ग्वोझ्देन, मी उन्हाळ्यात माझी कपाटं रंगाऱ्याकडून रंगवून घेतली. कांद्यासारखे पापुद्रे सुटतायत रे. कुणाला आत येऊ देत नाही मी स्वयंपाकघरात. येशील का माझ्याकडे? नीट करून देशील?"

ग्वोझ्देनचा चेहरा उजळला. "येईन की. पण माझं काम जरा सावकाश असतं..."

"असू दे! उद्याच ये, आणि काम होईतोवर माझ्याकडेच राहा. जेवायला घालीन."

वीदानं हातातलं तबक खाली ठेवलं. ती झोपायच्या खोलीत गेली. पलंगाखालची पातेली बाजूला सारून तिनं सूटकेस ओढून काढली. कॉफी निवायच्या आत सूटकेस ग्वोझ्देनच्या पायाशी येऊन उभी राहिली, भरलेली, बंद केलेली, आणि वर त्याचा लोकरी बनियन घडी करून ठेवलेला.

"उद्या कशाला," वीदा नणंदेचा हात प्रेमानं दाबत म्हणाली. "आजच घेऊन जा."