पंपाच्या वतीने कोण बोलणार?

अंतराळस्थानकावरचे दोन्ही संडास एकाच आठवड्यात बंद पडले, ही बाब अंतराळ मंडळाने अतिशय गांभीर्याने घेतली. गांभीर्याने घेतल्याचं पत्रक त्याच दिवशी निघालं. पंप निघायला मात्र वेळ होता. वर वजन नसल्यामुळे जमिनीवर जे आपोआप होतं ते तिथे पंपाला ओढून घ्यावं लागतं; याहून अधिक खुलासा मंडळाने केला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

कुरोसे बेटावरच्या प्रक्षेपण केंद्रात यानात माल भरण्याचं खातं इसोबे तामाकीकडे होतं. चाळिशी उलटलेली, कमी बोलणारी बाई. भात शिजवायच्या कुकरएवढा तो पंप तिने स्वतःच्या हातांनी पेटीत ठेवला, पेटी यानात ठेवली आणि वर कळवलं की मंगळवारी उड्डाण आहे. स्थानकावरून सेरिझावा नावाच्या अंतराळवीराचा फोन आला. हा माणूस इतका सभ्य होता की फोन करण्याबद्दल माफी मागायला त्याने आधी एक वेगळा फोन केला होता.

"इसोबेसान, तुम्ही कामात असाल. घाई अजिबात नाही," तो म्हणाला. मग थोडा थांबला. "म्हणजे, घाई आहे."

"मंगळवारी नक्की," तामाकी म्हणाली.

सोमवारी मच्छीमार संघाचे अध्यक्ष हिदाका केंद्रात आले. उड्डाणाच्या वेळी समोरचा समुद्र होड्यांविना मोकळा असावा लागतो आणि समुद्र मोकळा करणं हिदाकांच्या हातात होतं. केंद्रप्रमुख कुवाहारा त्यांना दारापर्यंत सामोरे गेले.

"उडत्या माशांचा हंगाम आहे," हिदाका खुर्चीत बसत म्हणाले. "मासे बुजतात."

"पण रॉकेट एकदाच उडणार आहे, हिदाकासान."

"तेच म्हणतोय मी. तुमचं एकदाच उडतं. आमचे रोज उडतात. आणि टीव्हीवर कोण दिसतं? तुमचं!"

दुखणं कुठे आहे ते कुवाहारांच्या ध्यानात आलं. लांबलचक चर्चेनंतर ठरलं की मच्छीमारांच्या योगदानाचा सन्मान म्हणून वाळवलेल्या उडत्या माशांची एक पेटी यानातून वर जाईल. हिदाकांनी समुद्र मोकळा केला. मंगळवार तोवर निघून गेला होता.

माशांमुळे यानाचं वजन बदललं. वजन बदललं म्हणून तोल बदलला, आणि तोल बदलला की सुरक्षा अधिकाऱ्याचा नवा शिक्का लागतो. जुन्या सुरक्षा अधिकाऱ्याची नेमकी त्याच आठवड्यात बदली झाली होती. नवीन अधिकारी तत्त्वाचा माणूस होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर शिक्का मारणार नाही, असं त्याने नम्रपणे सांगितलं. त्याला दाखवण्यासाठी सगळा माल यानातून उतरवण्यात आला. त्याने सगळं पाहिलं, समाधान व्यक्त केलं आणि जाता जाता एका खोक्याशी थबकला.

"या संत्र्यांची तारीख उलटलीये."

"उशीर झाला म्हणून उलटली," तामाकी म्हणाली.

"कारण काहीही असो. अंतराळात शिळं फळ पाठवलं असं उद्या कुणी म्हणायला नको."

नवी संत्री मागवायची हे ऐकताच नगराध्यक्ष धावत आले. आधीची संत्री बाहेरून आली होती, हा बेटाचा अपमान त्यांनी तोवर गिळला होता. आता ते गिळेनात. बेटावर संत्री पिकत असताना अंतराळवीरांनी परक्या गावची का खावीत? प्रश्न बिनतोड होता. बेटाची संत्री आली. ती आकाराने मोठी निघाली, खोक्यात मावेनात, म्हणून मोठं खोकं तयार करण्यात आलं. त्यामुळे पंपाची पेटी मधल्या जागेवरून कोपऱ्यात सरकली, तोल पुन्हा बदलला आणि सुरक्षा अधिकाऱ्याने सगळा माल पुन्हा पाहिला.

दरम्यान सेरिझावाचा फोन आला. "इसोबेसान, इथलं हवामान उत्तम आहे," तो म्हणाला. "बाहेरचं."

एवढा उशीर झाल्यावर जनतेची माफी मागणं भाग होतं. कुवाहारा आणि त्यांचे चार सहकारी पत्रकारांसमोर कमरेत वाकले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचं मत पडलं की डावीकडून दुसरे गृहस्थ पुरेसे वाकले नाहीत. त्या गृहस्थांना पाठदुखी होती, परंतु पाठदुखीचं पत्रक काढल्यास माफीचं गांभीर्य कमी होईल, असं जनसंपर्क विभागाला वाटलं. त्याऐवजी त्यांनी एक कल्पना मांडली. माफी अंतराळवीरांचीही मागायला हवी आणि ती साऱ्या देशाच्या वतीने मागायला हवी. त्यासाठी संत्र्याच्या तोंडाची, हेल्मेट घातलेली एक बाहुली वर पाठवावी. तिचं नाव मिकामारु. बटण दाबलं की ती कमरेत वाकेल आणि म्हणेल, "उशिराबद्दल मनापासून क्षमस्व."

देशभरातल्या शाळांतल्या मुलांनी मिकामारुच्या कोटाचा रंग मतदानाने निवडला. पिवळा आणि हिरवा यांच्यात बरोबरी झाली, तेव्हा मतदान पुन्हा घेण्यात आलं. तोवर उड्डाण थांबवणं स्वाभाविकच होतं. इतक्यात एका अभियंत्याने निदर्शनास आणलं की वजन नसलेल्या ठिकाणी बाहुली वाकली तर ती वाकणार नाही, कोलांट्या खात सुटेल. साऱ्या देशाची माफी कोलांट्या खाताना दिसणं बरं नव्हे. म्हणून मिकामारुला जड लोखंडी पाय बसवण्याचा निर्णय झाला.

"जिथे वजनच नसतं तिथे जड पायांचा काय उपयोग?" तामाकीने विचारलं.

प्रश्न योग्य असल्याचं सगळ्यांनी मान्य केलं. तोवर पाय ओतून झाले होते.

शेवटी सगळा माल एकत्र तोलला तेव्हा व्हायचं तेच झालं. वजन मर्यादेबाहेर गेलं, आणि तेही जवळजवळ एका पंपाइतकं किंवा एका मिकामारुइतकं. काहीतरी उतरवणं भाग होतं. कुवाहारांनी बैठक बोलावली. नगराध्यक्ष खास निमंत्रित म्हणून समोरच बसले होते.

"मासे काढता येतील?" कुवाहारांनी विचारलं.

"हिदाकासान होड्या आणून उभ्या करतील," कुणीतरी म्हणालं.

"संत्री?"

नगराध्यक्षांनी डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. संत्र्यांचा विषय तिथेच संपला.

"मग ती बाहुली..."

वाक्य पुरं होण्याआधीच जनसंपर्क विभागातल्या बाई रडू लागल्या. मुलांच्या विश्वासाचं काय, असं त्या हुंदक्यांतून विचारत होत्या. एकाने त्यांना चहा दिला.

"उरला पंप," कुवाहारा म्हणाले. "पंपाच्या वतीने कुणाचं काही पत्र आलंय?"

"साहेब, वर सहा माणसं आहेत," तामाकी म्हणाली.

"मी पत्राचं विचारलं, इसोबेसान."

"ती पत्र कसं पाठवणार? त्यांचं टपाल आपल्याच यानातून जातं-येतं."

"म्हणजे आलेलं नाही." कुवाहारांनी सुस्कारा सोडला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, आणि तसं त्यांनी बैठकीच्या वृत्तांतात नोंदवूनही घेतलं. पंप वादळांचा हंगाम संपल्यावर पुढच्या यानातून जावा, असं एकमताने ठरलं. तामाकीचा हात वर गेला नव्हता, पण तिने विरोधही केला नव्हता, म्हणून तिचं मत एकमतात धरण्यात आलं. वर कळवण्याचं काम तिच्यावरच आलं.

तिने फोनवर सगळं सांगितलं.

"हं," सेरिझावा म्हणाला. "बरोबर आहे. मुलांचं मन मोडू नये."

"तुम्ही कसे आहात?"

"आम्ही मजेत. इथे पिशव्या वापरतोय आम्ही. संपत आल्यात. परवा आमच्या रशियन सोबत्याने आपली बुद्धिबळाची पेटी पुढे केली. स्वतःहून. वडिलांनी हाताने बनवलेली पेटी होती ती. सोंगट्या आता हवेत फिरतायत." तो जरा घुटमळला. "आणि कमांडरबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. जेवलं की पुढचं आलंच ना. इसोबेसान, पुढचं वाक्य माझ्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका, एवढी विनंती आहे."

मग त्याने ते वाक्य उच्चारलं. ते वाक्य ऐकून तामाकी, जिचा बाप जन्मभर बंदरात हमाली करत होता, कानापर्यंत लाल झाली. त्या वाक्यात कुवाहारा होते, नगराध्यक्ष होते आणि एक संत्रंही होतं. फोन बंद झाल्यावर ती तशीच उभी राहिली. आपल्याला राग आलाय हे तिला कळायला थोडा वेळ लागला, कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत ती सवयच मोडली होती.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी ताजा माल शेवटी चढवतात. संत्री आणि मिकामारुची फीत लावलेली पेटी तामाकीच्या ताब्यात होती. तिने दार लोटलं, फीत सोडली आणि बाहुली उचलली. उचलताना बटण दाबलं गेलं. मिकामारु तिच्या हातात कमरेत वाकली आणि म्हणाली, "उशिराबद्दल मनापासून क्षमस्व." तामाकीही सवयीने वाकली. मग तिने बाहुली बाजूला केली, यानातून उतरवून ठेवलेला पंप त्या पेटीत ठेवला आणि तोलून पाहिला. तो किंचित हलका पडला. आपल्या जेवणाच्या डब्यातले भाताचे दोन गोळे तिने आत सरकवले, तेव्हा काटा बरोबर जागेवर आला. फीत तिने पहिल्यापेक्षा छान बांधली. सुरक्षा अधिकाऱ्याने वजन पाहिलं, पेटीवरचं नाव पाहिलं, साऱ्या देशाच्या माफीची फीत सोडणं बरं दिसणार नाही असं ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हसून शिक्का मारला.

किनाऱ्यावर बेटावरची सगळी माणसं जमली होती. नगराध्यक्षांचं भाषण चालू होतं. विषय होता धीर. अर्धा विषय झाला तरी ते थांबायची चिन्हं दिसेनात, तेव्हा उड्डाणाची वेळ पुढे ढकलता येईल का, असं कुवाहारांनी हळूच विचारलं. अभियंत्याने मान हलवली. सूत्रं एव्हाना यंत्राच्या हाती गेली होती आणि यंत्राला नगराध्यक्ष म्हणजे काय ते माहीत नव्हतं. "प्रिय नागरिकहो, आपण ज्या..." इथवर ते आले आणि पुढचं सगळं गडगडाटात वाहून गेलं.

रॉकेट वर चढलं. तामाकीने अशी कितीतरी उड्डाणं पाहिली होती, तरी त्या आगीवरून तिने नजर काढली नाही. हिदाका तिच्या शेजारी उभे होते. "उडतं बाकी छान," ते पुटपुटले. आवाज विरला आणि समुद्र पुन्हा ऐकू येऊ लागला, तरी ती वरच बघत राहिली.

यान स्थानकाला पोचलं. मिकामारुची पेटी उघडण्याचा समारंभ टीव्हीवर थेट दाखवायचा होता. शाळांनी तास थांबवले, मुलं पडद्यापुढे बसली. सेरिझावाने फीत सोडली, झाकण काढलं, आत बघितलं, आणि त्याला रडू कोसळलं. कमांडरबाईंनी पंप छातीशी कवटाळला. रशियन गृहस्थाने दोघांचे पापे घेतले आणि तिघं पंपासकट हवेत गोल फिरू लागले. भाताचा एक गोळा कॅमेऱ्यापुढून संथपणे गेला. निवेदक म्हणाला, "अंतराळवीर भावुक झालेले दिसतात." मग त्याच्याही लक्षात आलं. "परंतु मिकामारु कुठे आहे?"

तो प्रश्न देशभर पसरला. मुलं रडली, पालकांनी फोन केले, मंत्र्यांना संसदेत खुलासा करावा लागला. मंडळाने ही बाब अतिशय गांभीर्याने घेतली आणि या वेळी खरोखरच घेतली. चौकशी समिती त्याच दिवशी बसली.

"पंप चालतोय," तामाकीने समितीपुढे सांगितलं. "सहाही जण जेवतायत."

"तो या समितीच्या कक्षेतला विषय नाही," अध्यक्ष म्हणाले. "बाहुली कुठे आहे?"

"ते मी सांगणार नाही."

"का?"

"पंप खाली ठेवला तेव्हा तो कुठे ठेवलाय, हे कुणी विचारलं होतं मला?"

हे उत्तर उद्धट ठरलं. तामाकीची बदली केंद्राच्या प्रदर्शनात तिकीट खिडकीवर झाली. सेरिझावा परतल्यावर पहिल्यांदा तिच्या खिडकीवर आला, इतका खाली वाकला की काउंटरआड दिसेनासा झाला, आणि आईने केलेलं लोणचं ठेवून गेला. तो आला होता याची बातमी झाली नाही. संडास नीट चालतो ही कधीच बातमी नसते.

प्रदर्शनाला गर्दी मात्र वाढली. दुरून माणसं येतात, तिकीट घेतात, इकडेतिकडे बघत खिडकीत वाकतात आणि विचारतात, "खरं सांगा ना, ती बाहुली कुठे आहे?"

"वर सहा माणसं होती. ती बरी आहेत," तामाकी सांगते.

"हो हो, ते छानच झालं. पण बाहुली?"

ती सुटे पैसे मोजून देते आणि पुढच्या माणसाला बोलावते. वाचकहो, त्या रांगेत तुमच्यासाठीही जागा आहे. नाही म्हणू नका. मगाशी तिने दार लोटून बाहुली बाजूला केली, तेव्हापासून तुम्हीही पेटीत काय गेलं ते सोडून बाहेर काय राहिलं, याचाच विचार करत आला आहात.