ढाण्या श्वानाच्या मुळाचा निवाडा

श्रीकाळभैरव समर्थ. ज्याचे वाहन श्वान त्यास आधी दंडवत, मग धन्यास. शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मती नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीस राज्यात जे वर्तले ते जैसे पाहिले तैसे लिहिले.

किल्ल्याचे दरवाजी ढाण्या नामे थोर श्वान होते. मस्तक घागरीएवढे, गळ्याची कातडी सैल, भुंकले असता घोडी दावे तोडीत. सुभानजी नामे राखणदाराने काफिल्यामागे चुकलेले पिलू उचलिले आणि घोंगडीत घेऊन शेळीचे दूध पाजिले. त्याचे घरी दुसरे माणूस नव्हते. मग श्वानाची कीर्ती जाहली आणि दोन परदरबारांचे वकील आले. पश्चिमेचा बोलिला, “ही जात आमचे पुरातन बादशहाने युद्धास नेली, तेथून पसरली. आमचे आम्हांस द्यावे.” उत्तरेचा बोलिला, “आमचे हिमपर्वतीचे मठांत ही जात हजार वर्षे दार राखते. श्वान आमचे.” तेव्हा दरबारचे शास्त्रीबोवा कोपले आणि म्हणाले, जात येथलीच, देवळाचे भिंतीवर कोरली आहे. सर्वांनी जाऊन पाहिले तो कोरल्या प्राण्यास शिंगे होती. शास्त्रीबोवांनी ते कान ठरविले. ऐसा वाद बावीस दिवस चालिला आणि सुभानजीचे अन्न तुटले.

मग महाराजांनी त्यास पुसिले, “तुझे म्हणणे काय?” तो हात जोडून बोलिला, “म्हाराज, मूळबीळ मला ठावं न्हाई. माझ्या पायावर डोकं ठिवल्याबिगर त्याला झोप येत न्हाई, येवढं ठावं हाय. त्याला नेऊ नका जी.” कारकुनाने हा पुरावा नव्हे म्हणोन खोडिला.

मग निवाड्यास पंचांची गोतसभा बैसली. दोन गावांत शिवेचा तंटा पडला असता जाणत्याने माथी मातीचे ढेकूळ घेऊन चालावे आणि तो चालेल ती शीव, ऐसी चाल. पंच म्हणाले, श्वानाचे मूळ खुद्द श्वानाहून अधिक जाणता कोण? तो जाईल ते त्याचे मूळ. मग ढाण्याचे माथी ढेकूळ फडक्याने बांधिले आणि शपथेस बेलभंडार पुढे केला, तो त्याने चाटिला. सभेने शपथ मान्य केली. सुभानजीने हाक मारू नये म्हणोन त्यास घरात कोंडून बाहेरून कडी घातली.

पश्चिम दरवाजी वकील बकऱ्याची तंगडी घेऊन उभा राहिला, उत्तर दरवाजी दुसरा ताटात लोण्याचा गोळा घेऊन. ढाण्या प्रथम पश्चिमेस गेला आणि तंगडी खाल्ली. वकिलाने जय म्हटला. मग उत्तरेस गेला आणि लोणी चाटून ताट लख्ख केले. त्याही वकिलाने जय म्हटला. मग दोघांकडे न पाहता राखणदारांचे वस्तीत उतरला आणि सुभानजीचे बंद दाराशी फटीस नाक लावून आडवा पडला. ढेकूळ तेथेच गळाले. पंच धापा टाकीत मागून पोचले आणि म्हणाले, माती जेथे पडली तेच मूळ.

तात्पर्य, निवाड्याचा महजर लिहिला, शिक्के उमटले, श्वान राहिले. वकील मानाची वस्त्रे घेऊन गेले आणि आपणच जिंकलो ऐसे दोघांनीही धन्यांस कळविले. शास्त्रीबोवा शिंगांवर ग्रंथ लिहीत आहेत. जात कोठली हा वाद अद्याप मिटला नाही. निवाडा ऐकून दाराआड सुभानजी मोठ्याने रडला, ते सर्व पंचांनी ऐकिले, आणि कडी काढावयास कोणी पुढे होईना, कारण सर्वांचेच डोळे भरले होते. महजरात हे लिहिले नाही, सबब येथे लिहिले.