नवा फिल्टर, तोच चढ

"एक सांगून ठेवते," लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "याच्या हातात पाना देऊ नकोस. दिलासच तर त्याच्याजवळून हलू नकोस."

तिने ते हसण्यावारी नेलं होतं. नवरा स्वतःच्या हाताने दुरुस्त्या करतो म्हणजे कौतुकच की, असं तिला वाटलं होतं. तेव्हा घरातल्या मिक्सरला झाकण होतं आणि बाथरूमच्या गरम पाण्याच्या नळातून गरमच पाणी यायचं.

आता तिची रजा संपली होती. उद्या सोमवार, उद्यापासून ऑफिस. पिल्लाला सांभाळायला त्याच सासूबाई कालपासून मुक्कामाला आल्या होत्या, पण एका अटीवर. दुपारी पिल्लू झोपलं पाहिजे. त्याला खांद्यावर टाकून घरभर फिरायला आपले गुडघे आता राजी नाहीत, असं त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगितलं होतं. सुनेने छातीठोकपणे हो म्हटलं. नवरा घरूनच काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत तो गाडीतून एक फेरी मारायचा आणि पहिल्या वळणालाच पिल्लाची मान कलंडायची.

आणि नेमका शुक्रवारी संध्याकाळीच त्याने गाडीचा एअर फिल्टर बदलला.

जुन्यात काही खोट नव्हती. पण याने कुठलेसे व्हिडिओ पाहिले. कंपनीचा फिल्टर म्हणजे एंजिनाच्या नाकावर धरलेली उशी, असं त्याचं ठाम मत झालं. त्याने तो काळा डबा काढला आणि जागेवर लाल, चकचकीत, नरसाळ्यासारखं काहीतरी बसवलं. तेव्हापासून ॲक्सिलरेटरवर पाय पडला की बॉनेटखालून कुणीतरी रागाने गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा. गाडी पूर्वीच्याच वेगाने जायची, फक्त आता ते सगळ्या गल्लीला कळायचं. पिल्लू पहिल्या गुळणीला दचकलं, दुसरीला रडलं आणि तेव्हापासून दुपारचं म्हणून झोपलेलं नव्हतं.

"काढ तो," ती म्हणाली.

"अगं, पिकअप बघ ना किती वाढलंय."

"मला पिकअप नको, पिल्लाची झोप हवीय. आणि काही वाढलेलं नाही. तुला आवाजाने तसं वाटतंय."

हे त्याला फार लागलं. शेवटी ठरलं की पाण्याच्या टाकीकडच्या चढावर चाचणी घ्यायची. एकदा जुना फिल्टर, एकदा नवा. फरक पडला नाही तर नवा कायमचा माळ्यावर. बायको पक्षपात करणार म्हणून पंच सासूबाई. त्या मागच्या सीटवर पिल्लाच्या खुर्चीशेजारी, मांडीवर पर्स आणि हातात निळी छत्री घेऊन ताठ बसल्या. वेळ त्या आपल्या फोनवर मोजणार होत्या.

जुन्या फिल्टरने गाडी चढून गेली. खाली येऊन त्याने रस्त्याच्या कडेला नवा बसवला. पुन्हा चढून जायला तितकाच वेळ लागला.

"सेकंदाचाही फरक नाही," पंचांनी निकाल दिला आणि फोन पर्समध्ये टाकला.

"तेल कमी पडलं असेल," तो म्हणाला. या फिल्टरला म्हणे तेल लागतं. पुन्हा पायथ्याशी येऊन त्याने सोबतची बाटली जाळीवर अशी रिकामी केली की गाळणीचं भजं झालं. मग त्याला आठवलं की गाडीत वजनही फार आहे. स्टेपनी उतरली, जॅक उतरला, बाबागाडी उतरली. तरी तो मागच्या सीटकडे बघतच राहिला.

"मला बघतोयस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, एकच फेरी. तू खालूनच बघ की."

पंच मैदानाबाहेर गेले. पायथ्याशी, स्टेपनीवर, छत्री उघडून बसले. "लवकर या रे," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

गाडी गुळण्या करत निघाली. अर्ध्या चढावर तिने मागे वळून पाहिलं आणि श्वासच रोखला. दोन दिवसांचा शिणलेला जीव. पिल्लाची मान कलंडली होती.

"झोपलं," ती कुजबुजली. "मागे फिरू नकोस, खाली गतिरोधक आहे. सरळ चल. लांबच्या रस्त्याने घरी चल."

त्याने गाडी सरळ घेतली. घराच्या फाटकासमोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली. ते सगळं तेल आत ओढलं जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं होतं. चावी फिरवून उपयोग नव्हता. पिल्लू मात्र गाढ होतं. कितीतरी दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. अट पुरी झाली होती. उद्याची काळजी मिटली.

"बघितलंत आई?" असं म्हणत ती हळूच मागे वळली.

सीटवर फक्त पर्स होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मी नव्हतो म्हणालो सरळ जायला," तो अगदी हळू म्हणाला. तिने सासूबाईंना फोन लावला. पर्स मोठ्याने वाजू लागली आणि पिल्लू उठलं.

आता ती किंचाळणाऱ्या पिल्लाला खांद्यावर टाकून फाटकापाशी येरझारा घालतेय. बोलावलेला टॅक्सीवाला मघापासून येतोच आहे. नवरा पायीच निघालाय, पण जाताना तो फिल्टर पुसत पुसत बरोबर घेऊन गेला आणि ज्या दुकानातून तो आणला ते वाटेतच लागतं. त्याचा तिला काडीचा भरवसा नाही.

तेव्हा तिची एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी टाकीकडे निघालं असेल, तर चढाच्या पायथ्याशी जरा थांबा. निळ्या छत्रीखाली, स्टेपनीवर, शेजारी रिकामी बाबागाडी घेऊन एक बाई बसल्या असतील. त्यांना पाणी द्या, बऱ्या आहेत ना तेवढं विचारा. उद्याचं काही विचारू नका. आणि पाना दिल्यावर त्याच्याजवळून हलू नये, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली, तर तिच्या वतीने निमूट ऐकून घ्या.