याकूब मास्तरांची पीएचडी

नावाआधी 'डॉ.' लावणारा कुणीही आमच्या हट्टा गावात आला, की याकूब मास्तर त्याला रस्त्यात गाठून विचारतात, "दवावाले की किताबवाले?"

दवावाला असेल तर त्याची लगेच सुटका होते. किताबवाला सापडला, तर मास्तर खिशातून डायरी काढतात. फी किती? टायपिंग किती? गाइडच्या घरी चकरा किती? आणि शेवटी, "मिळालं काय?" मी स्वतः किताबवाला, त्यातून त्यांचा शेजारी. माझी चौकशी चार वेळा झाली आहे. माझी उत्तरं दर वेळी तीच निघतात, याचं त्यांना समाधान वाटतं. मला वाटत नाही.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्यांनी पहिल्या फटक्यात काढली. तेव्हापासून पीएचडी परवडते का, यावर त्यांचा विचार चालू आहे. विषय कुणाला सांगत नाहीत. व्हायव्हाच्या जेवणाचा बेत मात्र पक्का आहे. परीक्षकांना जेवू घालावं लागतं, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, आणि त्यांनी वसमतच्या आचाऱ्याशी बिर्याणीची बोलणी करून टाकली. परीक्षक शाकाहारी निघालेच तर वांग्याचं भरीत.

"हिशोब बराबर बसून न्हाई राहिला, सर," ते रोज सकाळी सांगतात. कसा बसणार? निवृत्त माणसाला ना पगारवाढ, ना बढती. पुण्याच्या मुलीनं तर स्पष्ट सांगितलंय, "अब्बा, त्या पैशात घरावर स्लॅब टाका."

नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा ते अर्ज घेऊन माझ्याकडे आले. आता विषय दाखवणं भाग होतं. 'हट्टा परिसरातील दखनी बोली : स्वयंपाकघरातील शब्द'.

"मास्तर, तुम्ही तर कधी चहासुद्धा केला नाही!"

"शब्द हमीदाचे हायत," ते म्हणाले. हमीदाभाभी, त्यांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली. "आठवले तसे लिहून ठेवले. फोडणीला ती बगार म्हणायची. आता घरात कोण म्हणतं? मी एकटाच बगार बगार करत फिरू काय? पोरीला फोनवर सांगाया गेलो, तर म्हणे, अब्बा, मीटिंगमध्ये हाय."

मी अर्जावरचा विषय पुन्हा एकदा वाचला.

"एक सांगा, सर. गाइडला पानन् पान वाचावंच लागतं ना? नियमच हाय ना तसा?"

माझ्या गाइडनं माझ्या प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान तेवढं वाचलं होतं. तेही स्वतःचं नाव नीट छापलंय का, ते बघायला.

"लागतं," मी म्हणालो.

मास्तरांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

"पण गाइडच्या आधी मला दाखवायचं," मी म्हणालो. "सगळं."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "आत्ता वाचता?" आणि उत्तराची वाट न बघता वही आणायला घरी गेले.