मागची बाजू माझी

आमच्या गावात सगळ्यात सुंदर केस माझ्या बायकोचे आहेत, हे तुम्हांला कोणीही सांगेल. त्यांतली मागची बाजू माझी आहे, हे मात्र मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

मी व्हर्लिन टॉलेफसन. मिनेसोटातल्या आमच्या भागात गायींचं दूध काढायची यंत्रं मी दुरुस्त करतो. बायको मार्लिस. तिने त्र्याहत्तर साली 'शॅग' कापून घेतला. वर आखूड, खाली लांब, मध्ये थरावर थर, कपाळावर भुवयांपर्यंत झालर. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आत्ता झोपेतून उठली, घटकाभर वाऱ्यात उभी राहिली आणि तशीच सुंदर दिसायला लागली.

तसं दिसायला रोज पाऊण तास लागतो.

आधी डोकं खाली करून केस टॉवेलने दाबायचे. चोळायचे नाहीत, चोळले की संपलं. मग लोशन लावून केस मुठीत चुरगाळायचे आणि चुरगाळता चुरगाळता ड्रायर फिरवायचा. पुढची बाजू मार्लिस स्वतः करते आणि काय करते! तिचा ब्रश चालताना बघावं. मी पंचवीस वर्षं यंत्रं उघडतोय, पण इतका अचूक हात पाहिलेला नाही. मागे मात्र तिचा हात पोचत नाही, म्हणून मागची बाजू माझी. झालर वाढली की तीही घरीच कापायची, कात्री उभी धरून, नुसती टोकं टिपत. कात्री आडवी धरली तर बायको शाळकरी पोरासारखी दिसते, हे एकदा झालेलं आहे आणि त्यावर आमच्या घरात बोलत नाहीत.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. स्तुती निमूट स्वीकारायची आमच्यात पद्धत नाही. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका विचारायच्या, "मार्लिस, काय सुंदर केस गं! काय करतेस?"

"अगं, काही नाही. उठते, हात फिरवते नि निघते."

मी शेजारी उभा राहून डोनट चावायचो. बोलता येत नव्हतं म्हणून चावायचो.

आमची शेजारीण आर्डिस हे सगळं मन लावून ऐकायची, आणि घोटाळा तिथेच झाला.

दर पाच वर्षांनी आमच्या चर्चचं फोटोंचं पुस्तक निघतं. प्रत्येक घराचा एक फोटो, खाली नाव. एकदा छापलं की पुढचं पुस्तक निघेपर्यंत तुमचं तोंड तेच. गेल्या पुस्तकात आर्डिसचे डोळे मिटलेले आले. शेजारी तिचा नवरा एनार छान हसतोय आणि ही उभ्याउभ्या झोपलेली. पाच वर्षं सगळं गाव त्यावरून हसलं. पुस्तक निघालं त्याच हिवाळ्यात एनार गेला, त्यामुळे दोघांचा शेवटचा फोटो तोच राहिला. या खेपेला तरी नीट दिसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणून ती शेजारच्या गावी गेली आणि केस कापणारीला म्हणाली, "मार्लिससारखे काप."

फोटोच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी. डोक्याला घट्ट रुमाल, हातात हॉटडिशचं पातेलं, म्हणजे खिमा नि बटाटे एकत्र भाजलेले. आमच्याकडे माणूस अडचणीत असला की दुसऱ्यासाठी जेवण घेऊन येतो.

"कॉफी?" मार्लिसने विचारलं.

"नको गं, कशाला."

"अगं, तयार आहे."

"नको नको, तुम्हांला त्रास."

"अर्धा कप?"

"बरं, तू ओततेच आहेस तर."

पातेलं ओव्हनमध्ये गेलं. मग मक्याबद्दल बोलणं झालं, पावसाबद्दल झालं, परत मक्याबद्दल झालं. दुसरा कप संपल्यावर आर्डिसने रुमाल सोडला.

पावसात भिजलेली कोंबडी तुम्ही पाहिली असेल. तेवढं सांगून थांबतो.

"तू म्हणालीस तसंच केलं," आर्डिस म्हणाली. "उठले, हात फिरवला. माझेच केस वाईट असणार."

मार्लिस लालबुंद झाली. "पाण्याचा फरक असेल गं," ती कपात बघत म्हणाली. आमच्या आणि आर्डिसच्या विहिरींत शंभर पावलांचंही अंतर नाही.

"जाऊ दे. मी फोटोला जात नाही. पुस्तकात नाव छापतातच." आर्डिस परत रुमाल बांधायला लागली.

मला राहवेना. "पाऊण तास लागतो," मी म्हणालो.

मार्लिसच्या हातातला कप बशीवर आदळला.

"आणि मागची बाजू मी करतो."

आर्डिसने माझ्या हातांकडे पाहिलं. "तू? गायींच्या सडांना नळ्या लावतोस तो?"

"तोच."

मार्लिस आता मला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण ती उठली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "आर्डिस, मी खोटं बोलले. डोकं खाली कर." माझी बायको मला कधी आवडली नाही असं नाही, पण त्या क्षणी फारच आवडली.

वेळ थोडा होता म्हणून दोन ड्रायर एकदम लावले. ओव्हन चालू, कॉफीचं भांडं चालू, त्यात दोन ड्रायर. फट्! सगळं बंद. नवा फ्यूज घरात एकही नाही. आर्डिस कमरेत वाकलेली, डोक्याला लोशन थापलेलं, आणि केस अर्धेच फुललेले.

"डोकं वर करू नकोस!" मार्लिस ओरडली. "आत्ता वाळलं तर तसंच बसेल!"

"वर्कशॉपची लाइन वेगळी आहे," मी म्हणालो. "तिथे हवेचा कंप्रेसर आहे."

मग आमची वरात निघाली. मध्ये आर्डिस, काटकोनात वाकलेली, आणि दोन्ही बाजूंनी आम्ही तिला धरलेलं. नेमकी रस्त्यावरून पाद्रीबुवांची गाडी आली. आमच्या रिवाजाप्रमाणे नमस्कारादाखल त्यांनी स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं. आर्डिसनेही खालूनच एक बोट वर केलं. सभ्यता म्हणजे सभ्यता.

कंप्रेसरच्या पहिल्याच झोताने टॉवेल आढ्याला जाऊन लटकला. मांजर पळालं ते संध्याकाळपर्यंत आलं नाही. आर्डिस खालून म्हणाली, "अजून डोकं आहे ना रे?" मग मी दाब कमी केला आणि त्याच्या तोंडाला गायीच्या सडाला लावतात ती मऊ रबरी नळी बसवली. झोत अगदी मुलायम झाला. मार्लिस पुढून चुरगाळत होती, मी मागून. एकेक थर असा उठला की मी कधी मार्लिसचाही तसा उठवला नव्हता. हे तिला सांगू नका.

शेवटी मार्लिसने कात्री उभी धरून झालरीची टोकं टिपली आणि म्हणाली, "आता वर हो."

आर्डिसने माझ्या ट्रकच्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एनारने ओळखलंच नसतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

"रडू नकोस, झालर भिजेल," मार्लिस म्हणाली आणि स्वतःच रडली.

चर्चमध्ये आर्डिस स्टुलावर बसली आणि मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, आपलं काम बघत.

"साहेब, बाजूला व्हा, फोटोत येताय," फोटोग्राफर म्हणाला.

फोटो झाला. डोळे टक्क उघडे. बायकांनी तिला गराडा घातला. "आर्डिस, काय सुंदर गं! काय करतेस?"

मी पुढे सरसावलो. नम्रपणे मान खाली घालायचीही तयारी केली.

आर्डिसने केसांवरून हात फिरवला. "अगं, काही नाही. उठते नि निघते."

मार्लिसने माझ्या हातात डोनट ठेवला.

नाताळाच्या आधी पुस्तक आलं. आर्डिस त्यात इतकी देखणी दिसते की लोक पान उलटायचं विसरतात. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं, पण मागून काढलेला फोटो त्यात एकाचाही नाही. आमचं पान मात्र आहे. मार्लिसचे केस नेहमीसारखेच, बघत राहावेत असे. शेजारी मी. मान किंचित वळलेली, कारण क्लिक होताना मी तिची मागची बाजू ठीक आहे ना ते बघत होतो. आणि डोळे मिटलेले.

आर्डिसने ते पान बघितलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, व्हर्लिन. पाचच वर्षं."